मराठी अरण्यगद्यातील पायवाट आणि जंगलतोडीचा प्रश्न : एक पुनर्विचार

प्रस्तावना

मराठीतील निसर्गविषयक ललित गद्याचा विचार आपल्या समीक्षेने साधारणतः तीन अंगांनी केलेला दिसतो : लेखकाचे निसर्गप्रेम, त्याची निरीक्षणशक्ती आणि त्याची भाषाशैली. या तिन्ही अंगांचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. तथापि या चौकटीत एक साधा प्रश्न बहुधा विचारला जात नाही. लेखक ज्या रानातून वर्षानुवर्षे पायी हिंडला, त्या रानातील झाडे कोणी तोडली, कोणाच्या निर्णयाने तोडली, आणि त्या तोडीविषयी या गद्याला काय म्हणावयाचे आहे? प्रस्तुत लेखात हा प्रश्न केंद्रस्थानी ठेवून मराठी अरण्यगद्याचे पुनर्वाचन करण्याचा प्रयत्न केला आहे.

मराठीत जंगलाविषयी बोलण्याच्या दोन परंपरा आहेत. पहिली पाहण्याची. दुर्गा भागवत, व्यंकटेश माडगूळकर, मारुती चितमपल्ली ही तिच्यातील ठळक नावे होत. दुसरी हक्काची. ती महात्मा फुले यांच्या लेखनापासून १९३० च्या जंगल सत्याग्रहातून गडचिरोलीतील ग्रामसभांपर्यंत येते. पहिली परंपरा आपण मराठी विभागात शिकवतो, दुसरी इतिहास वा समाजशास्त्र विभागाकडे सोपवतो. या वाटणीमुळे दोन्हींचे नुकसान झाले आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पाहणारा पायी चालतो आणि हक्क सांगणाराही पायी चालतो. म्हणून या दोन परंपरांची भेट पायवाटेवरच होऊ शकते.

तोडीचा शासकीय संदर्भ

साहित्याकडे वळण्यापूर्वी ‘जंगलतोड’ या शब्दाचा आवाका लक्षात घेणे आवश्यक आहे. सर्वसामान्य बोलण्यात जंगलतोड म्हणजे चोरटी तोड असा समज असतो. प्रत्यक्षात गेल्या दीडशे वर्षांतील मोठी तोड कायदेशीर होती. १८६४ मध्ये वनखात्याची स्थापना झाली. १८७८ च्या वन कायद्याने राखीव, संरक्षित आणि ग्रामवने अशी वर्गवारी केली. आगगाडीच्या रुळांखालील स्लीपर, जहाजबांधणी आणि इमारती लाकूड या गरजांतून ‘शास्त्रीय वनव्यवस्थापन’ आकाराला आले. स्वातंत्र्यानंतरच्या १९५२ च्या राष्ट्रीय वननीतीनेही ‘राष्ट्रीय गरजा’ या नावाखाली उत्पादनालाच प्राधान्य दिले. १९७४ मध्ये महाराष्ट्रात वन विकास महामंडळ स्थापन झाले. मिश्र जंगल साफ करून त्या जागी सागाची एकजिनसी लागवड करणे हा त्या काळच्या विकासकल्पनेचा भाग होता. १९८० च्या वन संवर्धन कायद्याने आणि १९८८ च्या वननीतीने दिशा बदलली, आणि पर्यावरणीय समतोल हे वनांचे प्रथम प्रयोजन मानले गेले.

या व्यवस्थेची स्वतःची भाषा आहे. तिच्यात जंगलाचे ‘कूप’ होतात, झाडावर हातोड्याचा छाप पडतो, आणि ‘कार्य आयोजना’ नावाच्या दस्तऐवजात कोणत्या वर्षी कोणता कूप तोडावयाचा हे आधीच लिहिलेले असते. या भाषेत साग, खैर, शिसव यांना नाव असते. उरलेल्यांपैकी बऱ्याच झाडांची गणना ‘इतर जाती’ अशी होते. पोकळ, वाकडे, जीर्ण झाड हे दोषयुक्त ठरते आणि ‘सुधारणा तोडी’त प्रथम तेच काढले जाते. मराठी अरण्यगद्य वाचताना ही दुसरी भाषा शेजारी ठेवली, तर त्या गद्याची खरी कामगिरी आणि त्याची मर्यादा या दोन्ही गोष्टी स्पष्ट होतात.

चालण्यातून आलेले ज्ञान : मारुती चितमपल्ली

मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी तीन दशकांहून अधिक काळ वनखात्यात सेवा केली. नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट हे त्यांच्या लेखनाचे प्रदेश होत. ‘पक्षी जाय दिगंतरा’, ‘जंगलाचं देणं’, ‘रानवाटा’, ‘रातवा’ आणि ‘चकवाचांदण’ हे आत्मचरित्र यांतून त्यांनी मराठी वाचकाला अरण्याची एक संपूर्ण सृष्टी दिली. २००६ मध्ये सोलापूर येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, तेव्हा अरण्यलेखनाला मराठी साहित्यव्यवहाराने मध्यवर्ती स्थान दिले असे म्हणता येते.

त्यांच्या गद्यातील चालणे हे सहल नव्हे. ते संथ असते, पुनःपुन्हा त्याच वाटेवरून होते आणि बहुधा एकट्याचे नसते. नवेगावबांधचे माधवराव पाटील डोंगरवार यांच्यासारखा जाणकार सोबती, गोंड वा कोरकू वाटाडे, तळ्याकाठचे ढीवर यांच्याकडून ऐकलेले आणि स्वतः पाहिलेले यांची सांगड त्यांच्या लेखनात पडते. त्यामुळे हे ज्ञान एका व्यक्तीचे राहत नाही. त्यात त्या प्रदेशाची स्मृती बोलते. ‘चकवाचांदण’ला त्यांनी ‘वनोपनिषद’ म्हटले आहे. उपनिषद या शब्दात जवळ बसून ग्रहण करण्याचा अर्थ आहे. त्यांच्या बाबतीत तो अर्थ ‘सोबत चालून ग्रहण करणे’ असा विस्तारलेला दिसतो.

या चालण्याचे सर्वांत मोठे फलित म्हणजे नामकरण. बगळ्यांच्या वसाहतीला ‘सारंगागार’, कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’ अशी नावे त्यांनी मराठीत रुजविली. शब्दसंग्रहाची हौस म्हणून याकडे पाहणे अपुरे आहे. ज्या झाडावर शेकडो बगळे वस्ती करतात, ते झाड लाकडाच्या हिशेबात काही घनफूट जळण असते. त्याच झाडाला ‘सारंगागार’ म्हटले की ते मोजण्याचे एकक बदलते. पोकळ बेहड्याचेही तसेच आहे. तोडीच्या यादीत तो सदोष वृक्ष. परंतु धनेशासारखा ढोलीत घरटे करणारा पक्षी अशाच जुन्या, पोकळ झाडावर अवलंबून असतो. एका भाषेत जो दोष, तोच दुसऱ्या भाषेत आधार. चितमपल्लींचे गद्य ‘इतर जाती’ या कोऱ्या रकान्यात नावे भरते, आणि नाव असलेली वस्तू नाहीशी करणे नाव नसलेली वस्तू नाहीशी करण्यापेक्षा कठीण असते. संरक्षणाच्या दृष्टीने या गद्याचे मोल येथे आहे.

आता मर्यादेकडे वळू. चितमपल्लींच्या लेखनात अरण्याच्या ऱ्हासाची खंत आहे. परंतु ही खंत प्रामुख्याने हरवल्याच्या सुरात येते. निर्णयाच्या सुरात क्वचित. झाडे ‘गेली’, पक्षी ‘दिसेनासे झाले’, तळे ‘पूर्वीचे राहिले नाही’ या धर्तीच्या जाणिवेत कर्ता अध्याहृत राहतो. लेखक ज्या खात्यात होता, ते खातेच त्या काळात लाकडाच्या महसुलावर उभे होते. एका हातात जंगलाचे रक्षण आणि दुसऱ्या हातात कूपाचा नकाशा ही त्या पदाची अंतर्गत विसंगती होती. ही विसंगती त्यांच्या गद्याचा विषय झाली असती, तर मराठीला एक वेगळ्याच ताकदीचे आत्मचरित्र मिळाले असते. याचा दोष व्यक्तीला देण्याचे प्रयोजन नाही. ललित गद्याकडून आपण वाचकांनी आणि समीक्षकांनी आश्चर्याचीच अपेक्षा केली. आश्चर्याच्या चौकटीत कार्य आयोजनेला जागा नसते.

माडगूळकर आणि प्रदेशाचे राजकारण

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’ (१९८२) या कादंबरीला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वानरांच्या टोळीतील सत्तासंघर्ष हा तिचा विषय. समीक्षेने तिचे वाचन बहुधा मानवी सत्ताकारणाचे रूपक म्हणून केले आहे. हे वाचन अयोग्य नाही. परंतु रूपकाच्या घाईत कादंबरीतील झाडे आपल्या नजरेतून निसटतात. टोळीचा प्रदेश म्हणजे नेमके काय? फळ देणारी, पाला देणारी, रात्री निवारा देणारी झाडे आणि त्यांच्यामधील उडी मारता येईल एवढे अंतर. त्या अंतरात एक मोठे झाड कमी झाले, तर टोळीची सीमा बदलते. म्हणजे या कादंबरीतील राजकारण वृक्षांच्या संख्येवर उभे आहे. ‘सत्तांतर’ या दृष्टीने वाचली, तर जंगल ही पार्श्वभूमी न राहता कथेतील भौतिक कारण बनते.

अशा वाचनाचे पूर्वसूत्र दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्र’मध्ये (१९५६) आहे. महिन्यामागून महिना त्याच परिसराकडे पाहत राहिल्याने बदल टिपता येतो, ही त्या लेखनाची शिस्त आहे. जो वर्षभर एका वाटेने चालतो, त्यालाच कालपर्यंत असलेले झाड आज नाही हे कळते. माडगूळकरांच्या ‘नागझिरा’तील मुक्कामालाही हाच नियम लागू पडतो. परंतु कळल्यानंतर काय करावयाचे, हा प्रश्न ही परंपरा आपल्या कक्षेबाहेर ठेवते. त्याचे उत्तर शोधण्यासाठी दुसऱ्या परंपरेकडे जावे लागते.

हक्काची परंपरा : फुले ते जंगल सत्याग्रह

‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) या ग्रंथात महात्मा फुले यांनी जंगल खात्यावर थेट टीका केली आहे. डोंगर, टेकड्या, कुरणे सरकारने आपल्या ताब्यात घेतल्यामुळे शेतकऱ्याच्या गुराढोरांना चरावयास जागा उरली नाही, ही त्यांची तक्रार १८७८ च्या कायद्यानंतर अवघ्या पाच वर्षांत नोंदवली गेली आहे. मराठी अरण्यगद्याचा इतिहास लिहिताना या ग्रंथाचा उल्लेख सहसा होत नाही. वास्तविक जंगलात पाऊल टाकणे हाच जेथे गुन्हा ठरतो, तेथील मनुष्याचा अनुभव मराठीत प्रथम इतक्या रोखठोकपणे फुल्यांनीच मांडला.

१९३० च्या जंगल सत्याग्रहात हाच अनुभव कृतीत उतरला. पुसद येथे लोकनायक बापूजी अणे यांच्या नेतृत्वाखाली राखीव जंगलातील गवत कापून कायदेभंग झाला. सांगलीकडील बिळाशी, रायगडमधील चिरनेर येथेही सत्याग्रह झाले. चिरनेर येथे २५ सप्टेंबर १९३० रोजी गोळीबारात सत्याग्रही हुतात्मा झाले. येथे एक महत्त्वाची बाब ध्यानात घ्यावी लागते. या सत्याग्रहात विळा आणि कुऱ्हाड लोकांच्या हाती होती. म्हणजे तोडणे ही कृती स्वभावतः विनाशक नाही. ती कोणाच्या निर्णयाने, किती आणि कशासाठी होते यावर तिचा अर्थ ठरतो. पाहण्याच्या परंपरेत कुऱ्हाडीला केवळ खलनायकाची भूमिका मिळते. हक्काची परंपरा कुऱ्हाडीमागील निर्णयाकडे बोट दाखवते.

देवराई : निषिद्ध आणि निर्णय

देवराई हे या दोन्ही परंपरांचे संधिस्थान आहे. डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा पद्धतशीर अभ्यास केला. गावोगाव पायी हिंडून, राईतील वनस्पतींच्या नोंदी करून आणि गावकऱ्यांशी बोलून तो सिद्ध झाला. त्यातील श्रीवर्धन तालुक्यातील गाणी गावाचे उदाहरण बोलके आहे. तेथील देवराईची तोड वनखात्याने योजली होती. राईतून उगम पावणारा झरा हा गावाचा पाण्याचा आधार असल्याने गावकऱ्यांनी अभ्यासकांकडे मदत मागितली, आणि त्यांच्या मध्यस्थीने राई वाचली. येथे श्रद्धा, पाणी आणि वनस्पतिशास्त्र या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या. केवळ देवाचे भय पुरेसे ठरले नाही. देवाच्या राईवरही हातोड्याचा छाप पडू शकत होता.

म्हणून देवराईचे जे भाबडे गुणगान अलीकडे होते, त्याविषयी सावध राहणे इष्ट. मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी राईतील झाडे तोडून सिमेंटचे सभामंडप उभारल्याची उदाहरणे कोकणात आणि घाटमाथ्यावर आढळतात. देव तोच राहतो, राई जाते. कोकणातील जंगल मोठ्या प्रमाणावर खाजगी मालकीचे असल्याने तेथे प्रश्न आणखी जटिल होतो. व्यापारी डोंगराचा उतारच्या उतार ठोक भावाने घेतो. ऐन, किंजळ, जांभूळ, आंजणी यांचे मिश्र रान जळाऊ लाकूड म्हणून जाते, आणि त्या जागी काजू किंवा रबराची लागवड येते. सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला वृक्षतोडीवर बंदी घालावी लागली, आणि २०२४ मध्ये सावंतवाडी–दोडामार्ग पट्ट्यातील २५ गावांना पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राचा दर्जा देण्याविषयी न्यायालयाने आदेश दिले. सरकारी मालकीने जंगल वाचत नाही आणि खाजगी मालकीनेही आपोआप वाचत नाही, हे या उदाहरणांवरून स्पष्ट व्हावे.

गाडगीळ यांचे आत्मकथन २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या इंग्रजी शीर्षकातच टेकडी चढून जाण्याचा उल्लेख आहे. शास्त्रज्ञाच्या आत्मकथनाने चालण्याला एवढे मध्यवर्ती स्थान द्यावे, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकांनी गंभीरपणे घ्यावी अशी आहे. येथे चालणे ही संशोधनपद्धती आहे. कागदोपत्री दाखवलेले जंगल जागेवर आहे की नाही, हे पाहण्याचे ते सर्वांत स्वस्त आणि सर्वांत विश्वसनीय साधन आहे.

एकट्याच्या पायवाटेपासून सामूहिक पदयात्रेपर्यंत

१९७४ मध्ये उत्तराखंडातील रेणी येथे गौरादेवींच्या नेतृत्वाखाली स्त्रियांनी झाडांची तोड रोखली. १९८३ मध्ये कर्नाटकातील सिरसी परिसरात ‘अप्पिको’ आंदोलन सुरू झाले. ही उदाहरणे सर्वपरिचित आहेत. महाराष्ट्राशी थेट संबंध असूनही तुलनेने विस्मरणात गेलेली घटना म्हणजे १९८७–८८ मधील पश्चिम घाट बचाव पदयात्रा. उत्तरेकडून नवापूरहून आणि दक्षिणेकडून कन्याकुमारीहून निघालेले पदयात्री सुमारे शंभर दिवसांनी गोव्यात एकत्र आले. वाटेतील तोड, खाणी, धरणे, उजाड उतार हे त्यांनी पायी चालत पाहिले आणि गावोगाव त्याविषयी चर्चा केली.

वारीची परंपरा असलेल्या महाराष्ट्राला सामूहिक चालण्याचे सामर्थ्य समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. तथापि ललित गद्यातील अरण्ययात्री आणि पदयात्रेतील कार्यकर्ता यांच्यात एक मूलभूत भेद आहे. पहिला जंगलाचा आवाज ऐकू यावा म्हणून शांतता शोधतो. दुसरा जंगलाविषयी लोकांनी बोलावे म्हणून चालतो. एकाचे चालणे दुसऱ्याला पूरक आहे. पहिल्याने दिलेली नावे नसतील, तर दुसऱ्याच्या घोषणेत केवळ ‘झाडे वाचवा’ एवढेच उरते. आणि दुसऱ्याची कृती नसेल, तर पहिल्याची नावे कालांतराने मृत्युलेखाचे काम करू लागतात.

‘गोष्ट मेंढा गावाची’ : निर्णयाचे गद्य

मिलिंद बोकील यांचे ‘गोष्ट मेंढा गावाची’ (२०१२) हे पुस्तक या दोन परंपरांच्या भेटीचा मराठीतील महत्त्वाचा दाखला आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला वनाधिकार कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. त्यापूर्वी दोन दशकांहून अधिक काळ हे गाव अभ्यासगट, सर्वसहमतीने निर्णय आणि स्वतः केलेली जंगलाची राखण या मार्गाने चालत आले होते. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या कार्याचा त्यात मोठा वाटा आहे.

बोकिलांचे गद्य साधे, हिशेबी, किंचित कोरडे आहे. अरण्याची मोहिनी शोधणाऱ्या वाचकाची कदाचित निराशा होईल. परंतु हा कोरडेपणा विषयाची गरज आहे. येथे जंगलात चालणारा कोणी प्रवासी नाही. राखणीची पाळी असलेला गावकरी आहे. त्याच्या चालण्याला सुरुवातीचा आणि शेवटचा बिंदू आहे, आणि परत आल्यावर जे पाहिले ते ग्रामसभेत सांगण्याची जबाबदारी आहे. बांबू तोडणे येथे थांबलेले नाही. किती, कोठे, कोणत्या पद्धतीने तोडावयाचा हे गाव ठरवते. ललित अरण्यगद्यात जो कर्ता अध्याहृत राहिला होता, तो येथे वाक्यात परत येतो. प्रस्तुत लेखकाच्या मते या पुस्तकाचे वाङ्मयीन महत्त्व याच ठिकाणी आहे. ते केवळ समाजशास्त्रीय अहवाल म्हणून बाजूला ठेवणे अन्यायाचे होईल.

अर्थात याही पुस्तकात उणीव आहे. संस्था आणि निर्णय यांच्या तपशिलात वृक्ष, पक्षी, ऋतू यांना मिळालेली जागा अल्प आहे. गावकऱ्यांना त्या जंगलातील शेकडो वनस्पती नावानिशी ठाऊक असणार. ते ज्ञान गद्याच्या पोतात उतरले असते, तर चितमपल्ली आणि बोकील यांच्यामधील पूल अधिक भक्कम झाला असता.

अध्यापनाच्या संदर्भात

या चर्चेचा आपल्या महाविद्यालयीन व्यवहाराशी निकटचा संबंध आहे. दरवर्षी जुलै महिन्यात आपण वृक्षारोपण करतो. तुकारामांनी वृक्षांना सोयरे मानल्याचा दाखला फलकावर असतो. खड्ड्यात मात्र अनेकदा गिरिपुष्प, सुबाभूळ किंवा ऑस्ट्रेलियन बाभूळ असते. २०१९ मध्ये राज्यात ३३ कोटी वृक्षलागवडीचे उद्दिष्ट जाहीर झाले, तेव्हा संख्येची चर्चा पुष्कळ झाली. जातींची त्यामानाने थोडी. राष्ट्रीय सेवा योजनेच्या एका शिबिरात प्रस्तुत लेखकाने विद्यार्थ्यांना जवळच्या राईत नेऊन झाडांची नावे लिहावयास सांगितली. आंबा, वड, पिंपळ यांच्या पुढे बहुतेकांची यादी सरकली नाही. राईतील गुरवाने मात्र एका फेरीत चाळीसच्या वर नावे सांगितली. पाठ्यपुस्तकातील अरण्यगद्याचा उतारा आणि गुरवाची यादी एकाच तासाला शिकवता येईल, अशी आपल्या अभ्यासक्रमाची रचना नाही.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१. मराठी ललित अरण्यगद्यातील चालणे ही ज्ञानपद्धती आहे. तोडीच्या शासकीय भाषेत निनावी राहिलेल्या सृष्टीला नाव देणे ही तिची संरक्षणविषयक कामगिरी होय.

२. या गद्यात जंगलतोड प्रामुख्याने खंतेच्या रूपात येते; निर्णय घेणारा कर्ता बहुधा अनुल्लेखित राहतो. ही मर्यादा समीक्षेच्या सौंदर्यवादी अपेक्षेनेही पोसली आहे.

३. फुले, जंगल सत्याग्रह आणि मेंढा (लेखा) ही हक्काची परंपरा तोडीचा प्रश्न निर्णयाधिकाराचा प्रश्न म्हणून मांडते. तिला अरण्यविषयक साहित्यविचारात स्थान मिळणे आवश्यक आहे.

४. देवराई आणि कोकणातील खाजगी रान यांच्या उदाहरणांवरून केवळ श्रद्धा किंवा केवळ मालकी संरक्षणास पुरेशी ठरत नाही. जंगलात नियमित जाणारी, त्यातील झाडे ओळखणारी आणि निर्णयात सहभागी असलेली माणसे असतील तेथेच स्थानिक जंगल टिकण्याची शक्यता वाढते.

मराठीच्या प्राध्यापकाने झाडाला मिठी मारावी, अशी अपेक्षा येथे नाही. परंतु ‘रानवाटा’ शिकवताना आपल्या तालुक्यातील कोणत्या रानवाटा आज शिल्लक आहेत, आणि त्या रानाची कार्य आयोजना काय सांगते, एवढे विद्यार्थ्यांना विचारावयास लावणे आपल्या अधिकारात आहे. ज्या जंगलाविषयी आपण शिकवतो ते जंगलच नाहीसे झाले, तर आपल्या हाती उरेल तो केवळ शब्दार्थांच्या टीपांचा विषय.